पदक भिंतीवर, साखर रक्तात!

२०२४ सालच्या २६ जानेवारीची सकाळ. झेंडावंदन आटोपून आम्ही पेडगावचे पाच-सहा जण परभणीला ज्येष्ठांच्या धावण्याच्या शर्यतीला गेलो होतो. साठ वर्षांवरील पुरुषांचा गट, अंतर तीन किलोमीटर. आमच्याकडून धावणार होते माझे मामा. वय ६४. अंगकाठी सडसडीत, पायात पोराचे जुने बूट, छातीवर नंबराचा कागद. गावात सगळे म्हणत होते, "मामा पहिलाच येणार."

दोन किलोमीटरपर्यंत मामा दुसऱ्या नंबरवर होते. मग त्यांचे पाऊल वाकडे पडू लागले. थंडीचे दिवस असूनही सदरा घामाने चिंब झाला. मी धावत जवळ गेलो. "मामा, काय व्हायलंय?" असे विचारले, तर त्यांनी माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावे तसे बघितले, माझा हात झिडकारला आणि रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसले. तोंडातून शब्द जड येत होते. बघ्यांपैकी एकजण हसत म्हणाला, "सकाळी सकाळीच टाकून आलंय म्हातारं!"

ज्या माणसाने आयुष्यात दारूचा थेंब ओठाला लावला नाही, पंचशील म्हणताना ज्याचा आवाज सगळ्यात पुढे असतो, त्याला चारचौघांत दारुडा ठरवले गेले. मला रडू यायचेच बाकी होते. तेवढ्यात पाणी वाटणाऱ्या पोरांमधली एक मुलगी पुढे आली. नर्सिंगला शिकणारी, आपल्याच वस्तीतली. तिने मामांचा थंडगार, ओला हात हातात घेतला आणि मला विचारले, "काकांना शुगरची गोळी चालू आहे का?" मी म्हणालो, "छे! मामांना कसली शुगर? ते तर कबड्डीचे खेळाडू." तिने माझे न ऐकता मामांचा खिसा चाचपला. आत गोळ्यांची पट्टी निघाली. शेजारच्या चहाच्या टपरीवरून तिने साखर आणवली, मामांना गिळता येते याची खात्री केली आणि साखरेचे पाणी घोट घोट पाजले. पंधरा-वीस मिनिटांत मामा माणसात आले. पहिला प्रश्न विचारला, "शर्यत संपली का रे?"

त्या दिवशी मला कळले की मामांना दीड वर्षापासून साखरेचा आजार होता. मामीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हते. का लपवले म्हणून विचारले, तर म्हणाले, "गड्याला साखर झाली म्हणलं तर लोक काय म्हणतील? उभा जन्म खेळण्यात आन् राबण्यात गेला. आपल्याला साखर होतीच कशी?"

वाचक बंधू-भगिनींनो, मी दवाखान्यातला माणूस नाही. बी.कॉम. झालेला कारकून आहे. पण मामांचा हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. डॉक्टरांना विचारले, वाचले, समजून घेतले. आपल्या अनेक घरांत असे जुने खेळाडू, पैलवान, हमाल, गँगमन आहेत. त्यांच्यासाठी हा लेख.

गँगमनचे पाय

पेडगाव हे परभणीहून मानवत रोडकडे जाताना लागणारे छोटे स्टेशन. मामा रेल्वेत गँगमन होते. उन्हातान्हात रुळावरून रोज मैलोगणती चालणे, घण मारणे, खडी ओढणे. संध्याकाळी घरी आले की मैदानात कबड्डी. भिंतीवर पदकांची रांग. साठाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा हार-तुरे झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून मामा ओट्यावरच्या खुर्चीत बसले. जेवण मात्र गँगमनचेच राहिले. चार भाकरी, वर भात.

दोन वर्षांत वजन फारसे वाढले नाही, पण पोट सुटले. चष्म्याचा नंबर काढायला गेले असता तपासणीत उपाशीपोटी साखर १६८ निघाली. एका खाजगी दवाखान्यातून गोळी मिळाली. ती कशी घ्यायची आणि वर काय खायचे, हे मात्र कुणी नीट सांगितले नाही. मामांनी आपल्या मनाने उपाय शोधला. पहाटे उठून पळायला लागले. दम वाढला, हुरूप आला, ज्येष्ठांच्या शर्यतीत नाव दिले. पळणे सुरू केले हे शंभर टक्के बरोबर होते. पण गोळी आणि धाव यांचा हिशेब त्यांना कुणी शिकवला नव्हता. त्या सकाळी त्यांनी गोळी घेतली होती आणि पोटात अन्नाचा कण नव्हता. "पोट हलकं असलं की पाय हलके पडतात," ही त्यांची समजूत.

रोकड पेटी, बँक आणि गोदाम

साखरेचा कारभार मला माझ्या कामाच्या भाषेत सोपा वाटतो. आपल्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या एवढ्या सगळ्या रक्तात उपाशीपोटी साखर असते किती? जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा! रक्त ही रोकड पेटी आहे. तिच्यात थोडीच रक्कम ठेवायची असते. यकृत ही बँक. तिथे सुमारे शंभर ग्रॅम साखर साठवलेली असते आणि गरज पडेल तशी ती रक्तात सोडली जाते. आणि सर्वात मोठे गोदाम म्हणजे आपले स्नायू, मांड्या, पोटऱ्या, दंड, पाठ. धडधाकट माणसाच्या स्नायूंत साखरेचा साठा तीनशे-चारशे ग्रॅमपर्यंत मावतो.

आपण जेवलो की भाकरी-भाताची साखर होऊन रक्तात येते. ती गोदामात नेण्यासाठी दार उघडावे लागते. ते दार उघडणारी किल्ली म्हणजे इन्सुलिन. किल्ली कमी पडली किंवा कुलूप गंजले की साखर रक्तातच तुंबून राहते. यालाच मधुमेह म्हणतात.

खेळाडूंनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढेच आहे. स्नायू काम करू लागला की गोदामाला दुसरे दार उघडते आणि त्याला इन्सुलिनची किल्ली फारशी लागत नाही. घण मारणारा हात आणि धावणारा पाय रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो. शिवाय काम थांबल्यावरही एक-दोन दिवस पहिल्या दाराचे कुलूप नरम राहते. मामा तीस-पस्तीस वर्षे रोज ही दोन्ही दारे उघडी ठेवत होते. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यातले एक बंद झाले.

वय झाल्यावर काय होते?

तिशी ओलांडली की स्नायू हळूहळू झडू लागतात. दर दहा वर्षांना साधारण तीन ते आठ टक्के, आणि साठीनंतर त्याहून वेगाने. म्हणजे गोदाम दरवर्षी आक्रसत जाते, आणि आवक तेवढीच राहते. स्वादुपिंडाची इन्सुलिन सोडण्याची ताकदही वयाबरोबर मंदावते. म्हणून म्हातारपणी उपाशीपोटीची साखर थोडीच वाढते, पण जेवणानंतरची बरीच वाढते. नुसती उपाशीपोटीची तपासणी करून "सगळे नॉर्मल आहे" म्हणणारे ज्येष्ठ इथेच फसतात.

मग प्रश्न असा की ही वाढ वयाचा दोष आहे की बसून राहण्याचा? अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात याचा शोध घेतला गेला. तिथल्या संशोधकांनी १९८४ साली साठीच्या आसपासचे, नियमित सराव करणारे स्पर्धक तपासले. त्यांना साखरेचे पाणी पाजून रक्त तपासले, तर साखर पचवण्याच्या बाबतीत ते तरुण धावपटूंच्या बरोबरीचे निघाले. म्हणजे आपण वयाच्या माथी मारतो त्यातला मोठा भाग हा बसून राहण्याचा असतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच शहरात १९९० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात अशाच साठीच्या आसपासच्या खेळाडूंना दहा दिवस सराव बंद ठेवायला सांगितले. फक्त दहा दिवस! त्यानंतर तीच तपासणी केली, तर साखर पचवण्याची ताकद घसरलेली होती आणि शरीराला आधीपेक्षा जास्त इन्सुलिन ओतावे लागत होते. दहा दिवसांत काही कुणी म्हातारा होत नाही.

मित्रहो, यातून मला एकच गोष्ट कळली. शरीराकडे मुदत ठेवीचे खाते नाही, चालू खाते आहे. वीस वर्षांपूर्वी जिंकलेले पदक भिंतीवर शोभते, पण ते रक्तातल्या साखरेला दिसत नाही. तिला दिसते ते तुम्ही या आठवड्यात किती चाललात, किती राबलात एवढेच.

"आम्ही तर काटकुळे, आम्हाला कशी होईल?"

साखर ही शेठजींची आणि लठ्ठ माणसांची, हा आपल्या वस्त्यांतला सर्वात मोठा गैरसमज. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हे काही सगळे शेठजी नव्हेत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मतः सरासरी वजन २.७ किलो होते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून बारीक, आतून चरबीदार. पिढ्यान्‌पिढ्या आईच्या पोटातच पोषण कमी पडले की बाळाचे गोदाम मुळातच लहान बांधले जाते. ज्यांच्या आजी-पणजीने दुसऱ्याच्या शेतात उपाशीपोटी खुरपणी केली, त्या आपल्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

याच डॉ. याज्ञिकांनी आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, २२.३ या आकड्याचे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! कारणांची चर्चा करताना त्यांनी गमतीने लिहिले आहे की युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी पळत जाऊन ती गाठणे. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण काट्यावरच्या वजनावर विसंबू नये हा तिचा धडा आहे.

साखर असूनही जिंकता येते

मामांना वाटले होते, साखर झाली म्हणजे खेळ संपला. तसे नाही. इंग्लंडचे नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह यांना १९९७ साली, वयाच्या ३५ व्या वर्षी मधुमेह निघाला. तोवर त्यांच्या नावावर चार ऑलिंपिकची सुवर्णपदके होती. ते थांबले नाहीत. इन्सुलिनची सुई घेत, साखर मोजत, खाण्याच्या वेळा बांधून घेत त्यांनी सराव केला आणि २००० साली सिडनीत, ३८ व्या वर्षी पाचवे सुवर्णपदक जिंकले.

ज्येष्ठांचे मैदानी खेळ आता जगभर भरतात. त्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९७५ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात झाली. पस्तिशीपासून पुढे दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो, म्हणजे साठीच्या माणसाला तरुणाशी झुंजावे लागत नाही. त्याच टोरांटोत २०११ साली पंजाबी वंशाचे फौजासिंग वयाच्या शंभराव्या वर्षी पूर्ण मॅरेथॉन धावले. २०२२ साली फिनलंडमध्ये हरियाणाच्या भगवानी देवी डागर यांनी ९४ व्या वर्षी शंभर मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवले.

आणि आपल्या महाराष्ट्रात, बारामतीला २०१३ साली साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. नवऱ्याच्या आजाराच्या तपासणीसाठी त्यांना बक्षिसाचे पैसे हवे होते. शेतमजुरीने कमावलेले पाय होते ते! त्यांच्यावर पुढे चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केले. आपल्या माता-भगिनींच्या पायांत केवढी ताकद साठलेली आहे, हे त्या माउलीने दाखवून दिले. फक्त एक सांगतो. अनवाणी धावण्याचे कौतुक करावे, पण साखर असलेल्यांनी त्याचे अनुकरण करू नये. साखरेने पायाच्या नसा बधिर होतात, काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते, आणि शेवटी पाय गमावण्याची वेळ येते.

धावताना साखर खाली जाते, आणि वरही!

अनेक खेळाडू इथे गोंधळतात. सावकाश, लांबवर धावले की साखर उतरते. पण शंभर-दोनशे मीटरची जीव तोडून धाव, कबड्डीची चढाई किंवा जड वजन उचलणे यानंतर लगेच मोजली तर साखर चढलेली दिसू शकते. याचे कारण असे की जोराच्या झुंजीत शरीर घाबरून यकृताच्या बँकेतून भराभर साखर सोडते. निरोगी माणसात ती थोड्या वेळात उतरते. ती चढलेली बघून कुणी जास्तीची गोळी घेऊ नये.

उलट, मोठी शर्यत झाली की रिकामे झालेले गोदाम भरण्यासाठी स्नायू पुढचे कित्येक तास, कधी कधी दिवसभर साखर ओढत राहतात. म्हणून इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याची साखर शर्यतीच्या रात्री झोपेतही घसरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. आपली गोळी कोणत्या जातीची आहे, हे प्रत्येकाने डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. मामांची गोळी पहिल्या प्रकारची होती.

खेळणाऱ्या ज्येष्ठांनी हे पाळावे

१. आधी मोजा. उपाशीपोटी साखर १०० च्या खाली असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा जास्त दोनदा आली तर मधुमेह. जेवणानंतरचीही तपासा. तीस वर्षांवरील सर्वांसाठी साखर आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत आहे. आशाताईंना विचारा.

२. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी चांगली, पण अंगात रक्त कमी असेल किंवा घरात सिकलसेल असेल तर तिचा आकडा फसवू शकतो. विदर्भातल्या आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेल आढळतो. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

३. इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी धावू नका. धावण्याआधी साखर १०० च्या खाली असेल तर एखादे केळे किंवा अर्धी भाकरी खाऊन थोडे थांबा. २५० च्या वर असेल आणि अंगात कसर असेल, उलटी होत असेल, तर त्या दिवशी मैदानात उतरू नका.

४. खिशात साखरेची पुडी ठेवा. घाम, थरथर, चक्कर, चिडचिड, बोलणे जड होणे ही साखर घसरल्याची खूण. लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून घ्या, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा घ्या, आणि मग काहीतरी खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

५. गोळी कमी-जास्त करणे हे डॉक्टरांचे काम. शर्यतीत भाग घेणार असल्याचे त्यांना आधी सांगा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी छातीची धडधड आणि थरथर ही खूण लपते, हेही विचारून घ्या.

६. साखर असलेल्याला हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. स्पर्धेत उतरण्यापूर्वी हृदय, डोळे आणि पाय तपासून घ्या. डोळ्याच्या पडद्यावर दोष असेल तर श्वास कोंडून वजन उचलू नका.

७. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे झपाझप चालणे किंवा धावणे, आणि दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम, म्हणजे उठाबशा, जोर, पाण्याची कळशी उचलणे. धावण्याने दम टिकतो, ताकदीच्या व्यायामाने गोदाम टिकते. ज्यांना धावणे जमत नाही त्यांनी प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालावे. अमेरिकेत २०१३ साली साठीपुढच्या लोकांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात, संध्याकाळच्या जेवणानंतरची साखर अशा चालण्याने चांगली आटोक्यात राहिली.

८. परभणीच्या उन्हात पाणी कमी पडले की रक्त दाटते आणि साखर चढते. मार्च ते जून सूर्य वर येण्याआधीच सराव उरका.

खाण्याबद्दल थोडेसे सांगतो. ज्वारीची भाकरी आपली आहे आणि चांगली आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली 'परभणी शक्ती' हे लोह आणि जस्त जास्त असलेले ज्वारीचे वाणही दिले. पण भाकरी म्हणजे औषध नव्हे, तिचीही साखरच होते. रेशनचा भात आणि चार भाकरी एकाच ताटात नकोत. म्हाताऱ्या स्नायूंना डाळ, हरभरा, शेंगदाणे, अंडी, सुकट अशा प्रथिनांची गरज तरुणांपेक्षा जास्त असते. आपल्या घरांत मात्र अंडे नातवाच्या ताटात जाते आणि आजीच्या वाट्याला नुसते कालवण येते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने किती घ्यायची ते विचारून घ्यावे.

लपवण्यासारखे काय आहे?

मामांना मी एक दिवस विचारले, "मामा, बाबासाहेबांना साखर होती, हे तुम्हाला माहीत आहे का?" ते गप्प झाले. बाबासाहेबांना मधुमेह होता. संविधान घडत असतानाच्या काळात त्यांच्या पायांत असह्य वेदना होत, पुढे दृष्टीही अधू झाली. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला तो डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेबांशी. त्या स्वतः डॉक्टर होत्या आणि पुढची वर्षे त्यांनी बाबासाहेबांचे पथ्यपाणी आणि औषधोपचार सांभाळले. बाबासाहेबांनी दुखणे अंगावर घेऊन काम केले, कारण त्यांच्यासमोर वेळ थोडा आणि कोट्यवधींचा प्रश्न होता. आपल्यासमोर तशी सबब नाही. आज गावात तपासणी आहे, गोळी आहे, सांगणारे आहेत. मग आपण का लपवायचे? साखर ही ना पाप आहे ना नामुष्की. लपवलेली साखर मात्र घात करते.

मामा खाली मान घालून म्हणाले, "त्या दिवशी त्या माणसानं मला दारुडा म्हणलं. आधीच सांगितलं असतं तर ते ऐकायची पाळी आली नसती."

डॉक्टरांनी मामांची गोळी बदलली, वेळ बदलली. आता पळण्याआधी ते अर्धी भाकरी खातात, सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी ठेवतात आणि घरातल्या भिंतीवर पदकांच्या शेजारी एक कॅलेंडर टांगले आहे. त्यावर रोजची साखर आणि रोजचे चाललेले अंतर लिहितात. मामींनाही आता बरोबर घेऊन जातात. मामींची साखर उंबरठ्यावर निघाली, हेही तपासल्यामुळेच कळले. २०२५ च्या २६ जानेवारीला मामा पुन्हा धावले. नंबर चौथा आला. पदक नाही मिळाले, पण धाव पूर्ण झाली. शेवटच्या रेषेपाशी उभे राहून त्यांनी स्वतःच बोटाला सुई टोचली आणि मला आकडा दाखवला. १३२.

"लिही तुझ्या वहीत, कारकून," ते हसत म्हणाले.

तेव्हा बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी घरातल्या ज्येष्ठांना, विशेषतः जे "आपल्याला काय धाड भरलीय" म्हणतात त्यांना, हात धरून तपासणीला न्या. जुन्या खेळाडूंना पुन्हा मैदानात आणा. ज्येष्ठांच्या शर्यती भरवणाऱ्या मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे. सुरुवातीच्या रेषेजवळ पाण्याच्या शेजारी साखरेचा एक डबा आणि साखर मोजायचे एक यंत्र ठेवा. आणि रस्त्याच्या कडेला कुणी घामाघूम होऊन, अडखळत बसलेला दिसला, तर "टाकून आलाय" म्हणण्याआधी त्याच्या जवळ जा, आणि विचारा, "काका, शुगरची गोळी घेता का?"